मान द्यायचा, तर मोकळीकही द्या

राष्ट्रपतिपदावर १९६२ ते १९६९ या काळात लागोपाठ दोन शिक्षक बसले. पहिले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन, त्यांचा जन्मदिवस ५ सप्टेंबरला शिक्षक दिन म्हणून देशभर साजरा होतो. दुसरे डॉ. झाकीर हुसेन, १९२६ ते १९४८ एवढा काळ त्यांनी जामिया मिलियाचं कुलगुरुपद सांभाळलं. त्यांचं वर्ध्याशी असलेलं नातं मात्र वर्ध्यातही फारसं आठवलं जात नाही. शिक्षकाला मान कशामुळे मिळतो आणि तो कशामुळे टिकतो, हा प्रश्न या जिल्ह्यात दोनदा गांभीर्याने हाताळला गेला: १९३७ साली वर्ध्यात आणि १९७६ साली पवनारला. दोन्ही वेळचं उत्तर जवळपास एकच होतं. शिक्षकावर मोठी जबाबदारी सोपवा आणि ती पेलण्याइतकी मोकळीक त्याला द्या. मग आदर मुद्दाम शिकवावा लागत नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, आशादेवी आर्यनायकम् हे सदस्यांपैकी काही. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि हस्तोद्योग हा केंद्रबिंदू, असा आराखडा समितीने मांडला. या योजनेची चर्चा बहुधा चरख्यापाशी येऊन थांबते; पण तिचा खरा भार शिक्षकावर होता. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं उद्योगाला द्यायची आणि त्या उद्योगातूनच गणित, विज्ञान, समाजशास्त्र फुलवायचं, हे कोणतंही क्रमिक पुस्तक तयार करून देऊ शकत नाही. सुताची लांबी आणि वजन यांवरून त्याचा नंबर काढताना गुणोत्तर कधी शिकवायचं, कपाशीच्या शेतातून जमिनीच्या प्रतीकडे कधी वळायचं आणि गावच्या बाजारातून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत कसं पोहोचायचं, हे त्या-त्या क्षणी शिक्षकालाच ठरवावं लागे. म्हणून तर समितीने शिक्षकांच्या पूर्ण प्रशिक्षणासाठी तीन वर्षं सुचवली. शिक्षकाकडे पाठ्यक्रम पोहोचवणारा माणूस म्हणून न पाहता पाठ घडवणारा कारागीर म्हणून पाहणारी ही योजना होती. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ती अनेक वर्षं प्रत्यक्ष चालवून दाखवली.

यावरचा पहिला आक्षेप त्या परिषदेतच निघाला आणि तो खुद्द झाकीर हुसेन यांनी घेतला. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा यावर फार भर दिला, तर शिक्षक मुकादम होईल, असा त्यांचा इशारा होता. दुसरा आक्षेप पगाराचा आहे. शिक्षकाला शक्यतो महिना २५ रुपये आणि कोणत्याही स्थितीत २० रुपयांपेक्षा कमी नको, असं त्या योजनेत म्हटलं होतं. ऋषितुल्य काम आणि कारकुनाइतका पगार, ही विसंगती तिथेही होती. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि त्यातून एक धडाही मिळतो: त्यागाच्या नावाखाली शिक्षकाचा पगार कापणं हा सन्मान होत नाही. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणून नव्या शिक्षकाला तीन वर्षं मानधनावर ठेवलं. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन दीर्घकाळ सहा हजारांवर अडकलं होतं. ते सोळा हजार व्हायला २०२३ उजाडलं. ज्याला आपण भविष्य घडवणारा म्हणतो, त्याच्या उमेदीच्या वर्षांची किंमत आपण अशी लावली.

मोकळिकीचा दुसरा अर्थ विनोबांनी मांडला. १९६८ साली बिहारमध्ये त्यांनी आचार्यकुलाची स्थापना केली. न्यायाधीशाला पगार सरकार देतं, पण निकाल काय द्यावा हे सरकार सांगत नाही. शिक्षकाचंही तसंच असावं, आणि त्या बदल्यात शिक्षकाने पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहावं, अशी त्यामागची भूमिका होती. तिची कसोटी आणीबाणीत लागली. वर्षभराचं मौन संपवल्यावर विनोबांनी जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलन बोलावलं. आणीबाणीला विनोबांची मूक संमती आहे असा समज तेव्हा पसरला होता. त्यांच्याच अंगणात जमलेल्या आचार्यांनी मात्र देशात परिस्थिती पूर्ववत व्हावी, असं एकमताने सुचवलं. सरकारने तो सल्ला मानला नाही. तरीही जे बोलायला फार थोडे धजावत होते, ते शिक्षकांच्या बैठकीतून बोललं गेलं, याची नोंद राहिली.

आजचा आक्षेप वेगळा आहे. काही शिक्षक वर्गात कमी आणि शिकवणीत जास्त रमतात. त्यांना आणखी मोकळीक कशाला, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्यानेच शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई केली आहे आणि ती मनाई पाळली गेलीच पाहिजे. पण त्याच कायद्याचं २७वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, पोषण आहाराचा हिशेब आणि तऱ्हेतऱ्हेची सर्वेक्षणं यांत त्याचा दिवस जातो. शिकवणाऱ्याला शिकवू द्यायचं नाही आणि नंतर त्याच्याकडून निकालाचा जाब घ्यायचा, हा न्याय नव्हे. जबाबदारीचा हिशेब मागायचा असेल, तर तो वर्गातल्या कामाचा मागावा.

मोबाइलवर सगळं मिळत असताना शिक्षक हवा कशाला, हाही प्रश्न आता विचारला जातो. माहितीचा पुरवठा एवढंच शिक्षकाचं काम असतं, तर छापखाना आल्यावरच हा पेशा संपला असता. समोरच्या मुलाला नेमकं कुठे अडलंय हे ओळखणं, त्याच्या गावातल्या गोष्टीतून त्याला पुढे नेणं आणि स्वतः काम करून दाखवणं, या गोष्टी १९३७ साली शिक्षकाकडे मागितल्या होत्या; त्या आजही दुसऱ्या कशाला जमत नाहीत. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस विनादप्तर पाठवण्याची शिफारस करतं. वर्ध्याने सात वर्षांचं मागितलं होतं, देशाला दहा दिवसांपर्यंत यायला त्र्याऐंशी वर्षं लागली.

विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या, तर प्रत्येक प्राथमिक शाळेत व्यवस्थापन समिती असावी आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावेत, असा कायदा आहे. येत्या ५ सप्टेंबरला गुलाबाचं फूल अवश्य द्या. पण समितीच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्नही विचारा: गेल्या वर्षी आमच्या शिक्षकांचे किती दिवस वर्गात गेले आणि किती वर्गाबाहेर? आणि आलेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.