मोटारीतील निखळलेला आरसा

मोटारीच्या पुढील काचेवरचा आतला आरसा निखळून पडला, की घरातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो बसविण्याचा मोह होतो; परंतु वैशाखातील उन्हात बंद गाडीच्या काचेशी उष्णता ६० अंशांच्या पुढे जात असल्यामुळे, आणि काच व धातू यांचे प्रसरण भिन्न प्रमाणात होत असल्यामुळे, तो ठिसूळ सांधा फार काळ तग धरीत नाही.

यास्तव आरशासाठीच मिळणारा, उत्प्रेरक द्रवासह येणारा गोंद आणावा. काचेच्या बाहेरील अंगास जागेची खूण करून जुना गोंद पात्याने निःशेष खरवडावा, आरसा जिच्यावर चढतो ती धातूची चकती पॉलिशपेपरने घासावी आणि दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. या स्वच्छतेत कसूर झाली, तर उत्तमोत्तम गोंदही व्यर्थ, असे माझे ठाम मत आहे. मग उत्प्रेरक लावावा आणि तो सुकल्यावर चकतीवर गोंदाचा एकच थेंब घालावा (अधिक गोंद म्हणजे अधिक बळकटी नव्हे), तिची वरची बाजू वरच असल्याची खातरजमा करून ती मिनिटभर दाबून धरावी, आणि आरसा दुसऱ्या दिवशीच चढवावा.

आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल, तर मात्र हे काम जाणकार कारागिराच्याच हवाली करावे.