उस्मानाबादी शेळी आणि पैदाशीचे नवे शास्त्र

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. बालाघाटाच्या माळावरील हलक्या जमिनीत पावसाने ओढ दिली म्हणजे पिकाची शाश्वती राहत नाही. अशा वर्षी अनेक कुटुंबांचा संसार दारच्या चार शेळ्यांवर तरून जातो. येथील शेळी 'उस्मानाबादी' या नावाने देशभर ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, तरी जातीचे नाव तेच राहिले आहे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाल्यामुळे तिचे माहेर आता दोन जिल्ह्यांत विभागले गेले आहे. रंग बहुधा काळा, कान लोंबते आणि माळावरच्या पाल्यावर गुजराण करून जुळी करडे देण्याचा गुण, ही तिची ओळख होय.

अलीकडे जनुक-परीक्षा, जनुक-संपादन, गोठविलेले वीर्य असे शब्द शेतकऱ्यांच्या कानांवर वारंवार येऊ लागले आहेत. कोणी त्यांस कल्पवृक्ष समजतो, तर कोणास त्यांत केवळ अनर्थ दिसतो. या शब्दांमागील शास्त्र काय, त्यास कायदा कोणता लागू आहे, आणि उस्मानाबादी शेळीचा त्याच्याशी संबंध काय, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस असणे अगत्याचे आहे.

प्रारंभ मात्र बाजारापासून करावयास हवा. करडाला निम्मे गुण आईकडून व निम्मे बापाकडून मिळतात. शेळी एका वेताला एक-दोन करडे देते. परंतु पंचवीस-तीस शेळ्यांत सोडलेला एकच बोकड वर्षभरात कित्येक डझन करडांचा बाप होतो. म्हणून जातीची सुधारणा किंवा अधोगती मुख्यतः बोकडाच्या हाती असते. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. कळपात जे नर करडू सर्वांत लवकर वाढते, त्यावर व्यापाऱ्याची नजर सर्वांत आधी जाते. बकरी ईदच्या सुमारास चांगला भाव येतो व ते विकले जाते. मागे जो खुरटा नर उरतो, तोच पुढे शेळ्या भरवितो. म्हणजे निवड होतेच. फक्त ती चांगल्याची न होता वाइटाची होते. यात शेतकऱ्याचा दोष मानणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरात त्या महिन्यात पैशाची निकड आहे, त्याने पुढील पिढीसाठी बोकड राखून ठेवावा असे सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण.

या अडचणीवर कृत्रिम रेतन हा उपाय सुचतो. गायी-म्हशींत तो रुळला आहे. वीर्य द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात वर्षानुवर्षे टिकते. शेळीच्या बाबतीत मात्र दोन अडचणी आहेत. बोकडाच्या वीर्यद्रवात एक विकर असते. वीर्य गोठविताना संरक्षणासाठी अंड्यातील पिवळा बलक मिसळला असता त्या विकरामुळे शुक्राणूंस अपायकारक द्रव्ये तयार होतात. त्यामुळे पुष्कळदा वीर्य आधी धुऊन घ्यावे लागते. दुसरे असे की, शेळीच्या गर्भाशयाच्या मुखात वळ्या असल्याने नळी आत सरकविणे गायीइतके सुकर नसते. माज ओळखण्यात एका दिवसाची चूक झाली तरी पुढे सुमारे तीन आठवडे वाट पाहावी लागते. तंत्र उपयुक्त आहे, परंतु ते कुशल हाताशिवाय चालत नाही.

जनुक-परीक्षेचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे, मात्र ते मेंढीचे आहे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ ही लहानखुरी मेंढी मात्र जुळी-तिळी देते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने या दोहोंचा संकर करून तो गुण दख्खनी मेंढीत आणला. 'नारी सुवर्णा' ही मेंढी त्याचेच फळ होय. २००१ साली असे सिद्ध झाले की, हा गुण एका जनुकातील केवळ एका अक्षराच्या फरकामुळे येतो. त्यामुळे रक्ताचा थेंब तपासून कोकरू लहान असतानाच ते जनुक त्यात आहे किंवा नाही हे कळू लागले. येथे कोणत्याही प्राण्याच्या पेशीत ढवळाढवळ झालेली नाही, हे लक्षात घ्यावे. शास्त्राने फक्त डोळ्यांस न दिसणारी गोष्ट दाखविली. निवड व संकर जुन्याच रीतीने झाले.

जनुक-संपादन ही याहून वेगळी गोष्ट आहे. यात पेशीतील ठरावीक जागी जनुक छेदून त्याचे कार्य बदलतात किंवा बंद पाडतात. काश्मीरमधील शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अशी एक मेंढी निर्माण केल्याचे मे २०२५ मध्ये जाहीर केले. स्नायूंच्या वाढीस आवर घालणारे जनुक तिच्यात निष्प्रभ केले आहे व तिच्यात दुसऱ्या प्राण्याचे जनुक घातलेले नाही. तरीही ती अद्याप प्रयोगशाळेतील गोष्ट आहे. अशा जिवांचे नियमन १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार होते. मार्च २०२२ मध्ये जनुक-संपादित वनस्पतींच्या काही प्रकारांस या नियमांतून सवलत देण्यात आली. ती सवलत जनावरांस लागू नाही. त्यामुळे 'संपादित बोकड' म्हणून कोणी बाजारात काही विकू लागल्यास ती शुद्ध फसवणूक समजावी.

या विषयावर लोकांत मतभेद आहेत व ते निराधार नाहीत. बीटी वांग्यास २०१० साली स्थगिती मिळाली, तेव्हा अनेक शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या होत्या; त्या वादाची आठवण ताजी आहे. एक पक्ष म्हणतो, कमी चाऱ्यावर अधिक मांस मिळत असेल तर गरिबाने ते का नाकारावे? दुसरा विचारतो, बियाण्याप्रमाणे बोकडही दरवर्षी कंपनीकडून विकत घ्यावा लागेल काय, आणि ठराविक गुणांच्या मागे लागून दुष्काळ सोसण्याचा गुण हरवला तर तो परत कोठून आणावयाचा? दुसऱ्या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पहिल्याचा मोह आवरणे शहाणपणाचे दिसते. बोअर या दक्षिण आफ्रिकी जातीचा संकर मांसासाठी लाभदायक ठरू शकतो. परंतु ज्या गावात एकही शुद्ध उस्मानाबादी बोकड उरलेला नाही, तेथे संकरही कशाशी करावयाचा, हा प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्राने २०२३ साली पैदास नियमनाचा जो कायदा केला, तो गोजातीय जनावरांपुरता आहे. शेळी त्याच्या कक्षेत येत नाही. तिच्या कामी येणारा कायदा निराळा आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या हद्दीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते, व स्थानिक पाळीव जनावरांच्या जातींचे जतन व नोंद हे तिच्या कामांपैकी एक आहे. लोक जैवविविधता नोंदवहीत झाडे व पक्षी लिहिले जातात, शेळी मात्र बहुधा राहून जाते.

ज्या गावी ही नोंद करावयाची असेल, तेथे कार्यकर्त्याने बोकडापासून सुरुवात करावी. बोकड जुळ्यातला आहे काय, त्याच्या आईची किती वेते झाली व तिने किती करडे जगविली, हे मालकास विचारून लिहावे. शिंगांचीही नोंद घ्यावी. युरोपातील शेळ्यांत दोन्ही पालक बिनशिंगी असल्यास काही माद्या वांझ निपजतात असे सिद्ध झाले आहे, म्हणून बिनशिंगी शेळ्यांच्या कळपात शिंगाचा बोकड सोडणे अधिक सुरक्षित. एकच बोकड दोन वर्षांहून अधिक काळ त्याच कळपात राहिला तर तो स्वतःच्याच पाटींवर जातो व करडे अशक्त होऊ लागतात. दोन वर्षांनी शेजारच्या गावच्या बोकडाशी अदलाबदल केल्यास खर्च जवळजवळ लागत नाही. चांगला नर विकण्याची ज्यास निकड आहे, त्याच्याकडून तो चार-पाच शेळीपालकांनी मिळून बाजारभावाने विकत घ्यावा व आळीपाळीने सांभाळावा.