पायाखाली बर्फ, बर्फाखाली नदी

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठावर सेंत-आन-द-ला-पेराद नावाचे एक गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजार. एरवी नकाशावर शोधावे लागेल इतके लहान. सेंत-आन याच नावाची एक नदी या गावातून वाहत येऊन सेंट लॉरेन्सला मिळते. डिसेंबर संपता संपता या नदीवर दुसरे एक गाव उभे राहते. नदीकाठी नव्हे, प्रत्यक्ष नदीच्या पात्रावर. रंगीबेरंगी लाकडी खोल्यांच्या रांगा, त्यांच्यामधून आखलेले रस्ते, विजेचे दिवे आणि धुराड्यांतून निघणारा धूर, असे हे गाव फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नांदते आणि मग नाहीसे होते.

येथे येणारी माणसे मासे धरायला येतात. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कधी गळ हाती धरलेला नसतो. माँट्रियल किंवा क्वेबेक शहरातून मोटारीने यावे, एक खोली काही तासांसाठी भाड्याने घ्यावी. गळ, आमिष, ऊब आणि शिकविणारा माणूस असे सगळे तेथे तयार असते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब बाकांवर बसून पायाशी कापलेल्या लांबट चरात दोऱ्या सोडून बसते. आपण बसलो आहोत त्या फळ्यांखाली एक-दीड फूट बर्फ आहे आणि त्याखाली वाहती नदी आहे, याचा विचार पाहुण्याच्या मनात फारसा येत नाही. तो विचार त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी आधीच करून ठेवलेला असतो.

प्रथम माशाविषयी. इंग्रजीत त्याला टॉमकॉड म्हणतात. कॉडच्याच कुळातला, पण वीतभर लांबीचा. गावकरी त्याला फ्रेंच भाषेत ‘पेती प्वासों दे शेनो’ म्हणजे ‘प्रवाहांतला छोटा मासा’ म्हणतात. एरवी तो सेंट लॉरेन्सच्या खाडीतील मचूळ पाण्यात राहतो. हिलसा जसा पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढतो, तसा हा मासा अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात चढतो. फरक एवढाच, की त्याने त्यासाठी ऐन कडाक्याचा हिवाळा निवडला आहे. इतर बरेच मासे थंडीने सुस्तावून तळाशी पडून असताना हा बर्फाखालून थव्यांनी वर येतो. त्याच्या रक्तात गोठण-रोधक द्रव्ये असतात, म्हणून शून्याखाली गेलेल्या खाऱ्या पाण्यातही तो गोठत नाही. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा त्याचा काळ. तो साधारण ठरलेला आहे आणि पुढे सांगावयाच्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे.

या नदीतील हिवाळी मासेमारीचा आरंभ १९३८ सालचा मानला जातो. युजीन माइयो नावाचा गावकरी नदीवरचा बर्फ कापत असताना त्याला खाली माशांचे थवे दिसले. घरोघरी शीतकपाटे येण्यापूर्वी नदी-तळ्यांचा बर्फ कापून, भुशात साठवून उन्हाळ्यात विकणे हा थंड प्रदेशात मोठा धंदा होता. १८३०च्या दशकात अमेरिकेतील तळ्यांवर कापलेला असा बर्फ जहाजांत भरून थेट मुंबईत उतरवला जात होता, हे आज सांगून खरे वाटत नाही. तो धंदा विजेच्या शीतकपाटांनी संपवला. पेराद गावाच्या हाती मात्र त्याच बर्फातून दुसरा धंदा लागला.

खोल्या चालविणाऱ्यांना तेथे ‘पुर्व्वायर’ म्हणतात. शब्दाचा अर्थच पुरवठा करणारा. पाहुण्याला दिसणारे त्याचे काम साधे आहे. चुलीत लाकडे घालायची, चरात धरलेली बर्फाची साय काढून टाकायची, डुकराच्या कलेजीचे तुकडे गळाला कसे लावायचे ते दाखवायचे. भिंतीलगतच्या आडव्या दांडीवरून दोऱ्यांची रांग चरात सोडलेली असते. दोरीला अडकवलेली काडी हलली, की मासा लागला असे समजायचे. हे कळायला पाच मिनिटे पुरतात. त्याचे खरे काम पाहुणा येण्यापूर्वीच झालेले असते आणि ते कळायला अर्धे आयुष्य जाते. ते काम म्हणजे बर्फ ओळखणे.

तळ्याचा बर्फ आणि नदीचा बर्फ यांत मोठा फरक आहे. तळ्याचे पाणी स्थिर असते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड होते. त्यामुळे ते तळाशी बसते, शून्याकडे झुकलेले हलके पाणी वर राहते आणि पृष्ठभागावर बऱ्यापैकी एकसारखा थर धरतो. नदीत प्रवाह सगळे पाणी ढवळून काढतो. वरपासून तळापर्यंत पाणी शून्याच्या आसपास पोहोचते आणि वाहत्या पाण्यातच बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. ते कण एकमेकांना चिकटतात, काठाला लागतात, खडकांना धरतात, हळूहळू पृष्ठभाग झाकून टाकतात. वरून पात्र सपाट दिसले, तरी खालून प्रवाह आपले काम करतच असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, पुलाच्या खांबांपाशी, ओढा येऊन मिळतो तेथे, एखाद्या कारखान्याचे कोमट पाणी सुटते तेथे तो बर्फ खालून झिजवतो. एका पावलाखाली फूटभर आणि चार पावलांवर चार बोटे, असे नदीवर घडू शकते. लडाखमधील झंस्कार नदीवरच्या ‘चादर’ वाटेने गेलेल्या आपल्याकडच्या गिर्यारोहकांना याचा अनुभव असेल. तेथेही पुढे चालणारा वाटाड्या काठीने बर्फ ठोकत जातो आणि मागच्यांनी त्याच्याच पावलांवर पाऊल टाकायचे असते.

बर्फ किती जाड हवा, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच असेल तर एकट्या माणसाने चालावे, असा दंडक उत्तर अमेरिकेत सर्वसाधारणपणे सांगितला जातो. कॅनडाची रेडक्रॉस संस्था पंधरा सेंटिमीटर सांगते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील लोर्न गोल्ड यांनी १९७१ साली मांडलेले सूत्र आजही वापरात आहे: बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि साडेतीनने गुणावे, जे येईल तितके किलो वजन तो बर्फ कमी जोखमीत पेलतो. म्हणजे दहा सेंटिमीटरला साडेतीनशे किलो, वीसला चौदाशे, तीसला तीन हजारांवर. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते, हा या सूत्राचा दिलासा. त्याची दुसरी बाजू अशी, की बर्फ जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते, कारण वरचा थरच खालच्या पाण्याचे थंडीपासून रक्षण करू लागतो. त्यातून वर हिम साचले तर ते गोधडीचेच काम करते. म्हणूनच बर्फ हवा असलेली माणसे थंडीच्या दिवसांत आधी हिम झाडत बसतात.

सूत्राला एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे: हा हिशेब स्वच्छ बर्फाचा आहे. भिजलेले हिम गोठून झालेला पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ जवळपास निम्म्या ताकदीचा धरतात. राखाडी रंग म्हणजे आत पाणी मुरले आहे. त्यावर पाऊल टाकायचे नाही. त्यामुळे वाटाड्या डोळ्यांनी रंग पाहतो, पहारेने ठोकून आवाज ऐकतो आणि दर काही पावलांवर गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजतो. पहारेच्या एका घावात पाणी वर आले तर तो आल्या पावली मागे फिरतो. कडाक्याच्या थंडीत बर्फ मोठमोठ्याने कडकडतो, गडगडतो. नवखे घाबरतात, पण तो आवाज बहुधा बर्फ आकुंचन-प्रसरण पावत असल्याचा असतो. मुरलेल्या माणसाला काळजी वाटते ती मऊ पडलेल्या बर्फाच्या मुकेपणाची.

पेरादसारख्या ठिकाणी यात आणखी दोन गुंते आहेत. चालून जाणारा माणूस किंवा धावती गाडी बर्फावर क्षणभर भार टाकते. खोली दोन महिने एका जागी उभी असते. सतत भाराखाली बर्फ हळूहळू वाकतो, त्या जागी खळगा पडतो आणि चिरांमधून पाणी वर येते. उभ्या भारासाठी म्हणूनच गोल्ड यांच्या सूत्रापेक्षा बरीच अधिक जाडी लागते. दुसरा गुंता मुंबई-कोकणच्या वाचकांना लगेच उमगेल. सेंट लॉरेन्सची भरती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, थेट या भागापर्यंत जाणवते. पाण्याची पातळी खाली-वर झाली, की पात्रावरचा बर्फ तिच्याबरोबर हलतो; काठाला चिकटलेला बर्फ मात्र जागचा हलत नाही. दोहोंच्या सांध्यावर भेगा पडतात. धोका काठाजवळच अधिक, हे शहरी माणसाच्या समजुतीच्या नेमके उलट आहे.

धोका नेहमी खालूनच येतो असेही नाही. बंद खोलीत चूल जळत असते. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. डोके दुखू लागले, झोप येऊ लागली तर ती थंडीची गुंगी समजून दार आणखी घट्ट लावून घेण्याचा मोह होतो. करायचे असते ते उलट: दार सताड उघडायचे आणि बाहेर पडायचे.

आणि बर्फ फुटलाच तर? मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी स्वतः गोठत्या पाण्यात अनेकदा उतरून केलेल्या अभ्यासातून एक नियम रुजला आहे: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचे. थंड पाण्याच्या धक्क्याने माणूस धापा टाकू लागतो आणि पुष्कळजण तेव्हाच पाणी पिऊन बुडतात. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय मनासारखे हलतात. सुटका करून घ्यायची ती या वेळात. शरीर गारठून शुद्ध हरपायला मात्र सुमारे एक तास लागतो, म्हणजे वाटते त्यापेक्षा बराच वेळ हाती असतो. बाहेर पडायचे ते ज्या दिशेने आलो त्याच दिशेने, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन एकदा पेललेले असते. पाय मागे झाडून शरीर आडवे करायचे, कोपरांनी स्वतःला बर्फावर ओढायचे आणि उभे न राहता लोळत दूर जायचे. पुष्कळ मासेमार गळ्यात दोन टोकदार मुठी अडकवून ठेवतात. ओल्या बर्फावर बोटे टिकत नाहीत, त्या मुठी रुततात.

नदीवर माणसाला जो अनुभव येतो, तो आकड्यांतही दिसू लागला आहे. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा देशांतील हिवाळी बुडण्याच्या चार हजारांवर घटना तपासून २०२० साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. हिवाळ्याचे तापमान उणे पाच ते शून्य अंशांच्या दरम्यान असते, तेव्हा बुडून मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते. थंडी फार असते तेव्हा बर्फ भक्कम असतो; थंडी नसते तेव्हा कोणी बर्फावर जात नाही. जीव जातात ते मधल्या तापमानात, जेव्हा बर्फ दिसतो नेहमीसारखा पण असतो निराळा. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहांच्या चार लाखांवर छायाचित्रांवर आधारलेल्या अभ्यासाने जगातील नद्यांवरचा बर्फ तीन दशकांत घटल्याचे दाखवले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाने वाढले, की नद्या वर्षातून सरासरी सहा दिवस कमी गोठतील, असा अंदाज वर्तवला.

सहा दिवस म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. परंतु पेरादचा हंगामच मुळात सात आठवड्यांचा. ओटावा शहरातील रिडो कालव्यावरचा प्रसिद्ध घसरमार्ग २०२२-२३च्या हिवाळ्यात एकही दिवस उघडता आला नाही. १९७०-७१मध्ये तो सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. त्या मार्गाला सुमारे तीस सेंटिमीटर चांगला बर्फ लागतो. पुढचा, २०२३-२४चा हिवाळा तर कॅनडाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार ठरला.

माशाला या आकड्यांशी देणेघेणे नाही. बर्फ धरो न धरो, अंडी घालण्याची वेळ झाली की तो नदीत चढतो. कालव्यावर घसरणारे लोक पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. मासा फेब्रुवारीनंतर थांबत नाही. बर्फ उशिरा आला तर गेलेले दिवस शेवटी जोडून घेता येत नाहीत. नाताळानंतरच्या सुट्टीत पाहुणे दारात उभे, खाली मासे आलेले आणि मधला थर दोन-चार इंच कमी, अशा वेळी ‘आज नाही’ म्हणायचे काम त्या खोल्या चालविणाऱ्यावर येते. त्या दिवसाचे भाडे बुडते. गावातील उपाहारगृहांचे आणि निवासांचेही. सूत्र त्याला किलोचा आकडा देते. चिरेतून पाणी का आले, कालच्या पावसाने वरचा थर किती कुजला, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

फेब्रुवारीच्या मध्याला बर्फ पुरेसा भक्कम असतानाच खोल्या एकेक करून काठावर ओढून नेतात. मार्चमधले ऊन बर्फाला वरून फारसे पातळ करीत नाही, पण त्याच्या आतील सांधे सैल करते आणि दिसायला फूटभर जाड असलेला बर्फ सुया सुटाव्यात तसा विस्कटतो. तोवर पात्र रिकामे झालेले असते. मासे खाडीकडे परत गेलेले असतात. तळाशी राहिलेली अंडी वसंतात फुटतात आणि वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्याबरोबर पिले मचूळ पाण्याकडे वाहत जातात.