दिव्यांगत्वाचा लाभ आणि देशाची सीमा

व्यापारी कुटुंबात देण्याघेण्याची नोंद ठेवण्याची सवय पिढ्यानपिढ्यांची असते. मालाची पावती, भाडेकरार, विम्याचा हप्ता, उधारी या सर्वांची चोपडीत नोंद होते. परंतु परदेशी गेलेल्या मुलाच्या, मुलीच्या अथवा जावयाच्या कमाईतून तेथील सामाजिक सुरक्षेसाठी जी रक्कम कापली जाते, तिच्यातून कोणता हक्क निर्माण होतो, याची नोंद फार थोड्या घरांत आढळते. अपघात, पक्षाघात किंवा दीर्घ आजार यांमुळे घरातील कमावती व्यक्ती कायमची काम करण्यास असमर्थ झाली, म्हणजे हा प्रश्न प्रथम उभा राहतो. त्या वेळी गावाकडून येणारा पहिला निरोप असतो, "इकडे निघून या, आपण सारे मिळून सांभाळू." या निरोपामागील माया खरीच असते, तथापि घाईने घेतलेल्या त्या एका निर्णयामुळे अनेक वर्षे मिळू शकणारा मासिक लाभ बंद पडू शकतो. म्हणून या विषयाचे नियम संकट येण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे आहे.

दोन मूलभूत प्रश्न

दिव्यांगत्वाच्या कोणत्याही लाभाविषयी दोन प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला असा की, हा लाभ कशाच्या आधारावर मिळतो: भरलेल्या वर्गणीच्या, की त्या देशातील वास्तव्याच्या आणि गरजेच्या? दुसरा असा की, लाभार्थी देशाबाहेर गेल्यास तो चालू राहतो का? सामान्यतः वर्गणीवर आधारलेला लाभ माणसाबरोबर प्रवास करू शकतो, आणि वास्तव्यावर किंवा गरजेवर आधारलेला लाभ त्या देशाच्या सीमेपाशी थांबतो. या सर्वसाधारण नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावाच लागतो.

अमेरिका: क्रेडिटचा हिशेब

अमेरिकेत केंद्र सरकारच्या दोन योजना असून त्यांची नावे सारखी वाटल्याने गल्लत होते. पहिली 'सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स' ही वर्गणीवर आधारित आहे. दुसरी 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' ही अल्प उत्पन्न असलेल्या वृद्ध, अंध व दिव्यांग व्यक्तींसाठी असून ती गरजेवर आधारित आहे.

पहिल्या योजनेसाठी कामाची 'क्रेडिट' लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात. २०२५ मध्ये एका क्रेडिटसाठी १,८१० डॉलर, म्हणजे चार क्रेडिटसाठी ७,२४० डॉलर इतकी कमाई नोंदलेली असावी लागत होती. सर्वसाधारणपणे ४० क्रेडिट आवश्यक असतात व त्यांपैकी २० शेवटच्या दहा वर्षांतील असावी लागतात. तरुणांना सवलत आहे: ३१ ते ४२ या वयोगटात २० क्रेडिट पुरतात. पात्र ठरल्यावरही पहिले पाच पूर्ण महिने प्रतीक्षेचे असतात आणि मेडिकेअरचे संरक्षण सामान्यतः लाभ सुरू झाल्यानंतर २४ महिन्यांनी मिळते.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. दुकान, मोटेल किंवा घाऊक पेढी कुटुंबाने मिळून चालवायची आणि उत्पन्न एकट्या पतीच्या नावावर दाखवायचे, अशी रीत अनेक घरांत असते. पत्नी पंधरा वर्षे गल्ल्यावर बसते. परंतु तिच्या नावावर पगार नाही, कर नाही, म्हणून तिच्या खात्यावर एकही क्रेडिट जमा होत नाही. उद्या तिला अर्धांगवायू झाला, तर तिच्या स्वतःच्या कामाच्या आधारावर दिव्यांगत्व लाभ मिळत नाही. पतीच्या वर्गणीतून हयात पत्नीला तिच्या दिव्यांगत्वासाठी वेगळा लाभ देण्याची सोयही त्या योजनेत नाही. कर वाचविण्याच्या हिशेबात हा तोटा कोठेही लिहिलेला नसतो. कुटुंबातील प्रत्येक काम करणाऱ्या व्यक्तीला रीतसर वेतन देणे किंवा भागीदारीत तिचा वाटा दाखविणे, हाच त्यावरील उपाय होय. स्वयंरोजगार करणाऱ्यांनी नफा अतिशय कमी दाखविल्यास त्यांची क्रेडिटही त्याच प्रमाणात कमी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

भारतात परत आल्यास काय?

अमेरिकी नागरिकाला वर्गणीवर आधारित हा लाभ भारतात राहूनही मिळू शकतो. भारतीय नागरिकाच्या बाबतीत मात्र सलग सहा कॅलेंडर महिने अमेरिकेबाहेर राहिल्यास रक्कम थांबविण्याचा सर्वसाधारण नियम आहे. त्याला अपवाद असा की, ज्याच्या कामाच्या आधारावर लाभ मिळतो त्याने किमान ४० क्रेडिट मिळविलेली असावीत किंवा अमेरिकेत किमान दहा वर्षे वास्तव्य केलेले असावे. तसे असल्यास भारतीय नागरिकालाही लाभ चालू राहू शकतो.

या नियमाचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ३५ वर्षांचा एक अभियंता सहा वर्षे अमेरिकेत नोकरी करीत आहे. त्याच्याजवळ २४ क्रेडिट आहेत. अपघातानंतर तो लाभास पात्र ठरतो, कारण त्याच्या वयाला २० क्रेडिट पुरतात. घरच्या आग्रहाने तो भारतात परततो. त्याची ४० क्रेडिट नाहीत, दहा वर्षांचे वास्तव्य नाही आणि तो अमेरिकी नागरिकही नाही. सहा महिन्यांनंतर त्याची रक्कम थांबते. पात्रता मिळविणे आणि ती सीमेपलीकडे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची स्थिती आणखी नाजूक असते. एच-१बी व्हिसाधारकाची नोकरी सुटल्यास त्याला साधारणतः जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. प्रतीक्षेचा काळ मात्र पाच महिन्यांचा आहे. दुसरी कायदेशीर व्यवस्था झाली नाही, तर लाभ हाती पडण्यापूर्वीच देश सोडण्याची वेळ येते. अशा तरुणांनी सरकारी लाभावर विसंबून न राहता नोकरीतून मिळणारा दीर्घकालीन दिव्यांगत्व विमा तपासावा आणि देशाबाहेर राहिल्यास तो किती काळ रक्कम देतो, हे कलम पॉलिसीत स्वतः वाचावे.

अमेरिकेतील दुसरी, गरजेवर आधारित योजना देशाबाहेर चालतच नाही. एक पूर्ण कॅलेंडर महिना किंवा सलग ३० दिवस देशाबाहेर राहिल्यास ती थांबते आणि परतल्यानंतर सलग ३० दिवस वास्तव्य झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. लग्नकार्यासाठी दोन महिने भारतात येणाऱ्या लाभार्थ्याने प्रवासाची माहिती कार्यालयास अगोदर दिली पाहिजे. न कळविता घेतलेली रक्कम पुढे वसूल केली जाते.

दिव्यांग अपत्याचा प्रश्न

ज्या घरात जन्मतः किंवा बालपणापासून दिव्यांग असलेले अपत्य आहे, त्या आईवडिलांची चिंता वेगळीच असते. अमेरिकेत वयाच्या २२ वर्षांपूर्वी दिव्यांगत्व सुरू झालेल्या अविवाहित प्रौढ अपत्यास, आई किंवा वडील निवृत्तिवेतन अथवा दिव्यांगत्व लाभ घेऊ लागल्यावर त्यांच्या खात्याच्या आधारे मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत, आणि त्यांच्या निधनानंतर तीन चतुर्थांशापर्यंत लाभ मिळू शकतो. विवाह झाल्यास तो सामान्यतः संपतो. अपत्य अमेरिकी नागरिक नसल्यास, भारतात राहून हा लाभ मिळण्यासाठी त्याने स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांनी अमेरिकेत पाच वर्षे वास्तव्य केलेले असावे, अशी आणखी एक अट साधारणपणे लागू होते. त्यामुळे अपत्याला आजी-आजोबांकडे पाठवून आईवडिलांनी परदेशी राहण्याची व्यवस्था भावनेने सोयीची वाटली, तरी त्याच्या पुढील चाळीस-पन्नास वर्षांच्या उत्पन्नावर तिचा परिणाम होऊ शकतो का, हे आधी तपासावे.

ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया

ब्रिटनमधील 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' हा लाभ वर्गणीवर नव्हे, तर वास्तव्यावर आधारलेला आहे. त्यासाठी मागील १५६ आठवड्यांपैकी किमान १०४ आठवडे तेथे राहिलेले असावे लागते. नोकरी, शिक्षण व कौटुंबिक व्हिसांवर बहुधा सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट असते. ती असेपर्यंत हा अर्ज करता येत नाही. लाभ चालू असताना १३ आठवड्यांपर्यंत, आणि वैद्यकीय उपचारासाठी २६ आठवड्यांपर्यंत देशाबाहेर राहता येते. कायमचे भारतात परतल्यास तो बंद होतो. कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेसाठीचा औद्योगिक लाभ मात्र परदेशातही मिळू शकतो.

कॅनडाच्या पेन्शन योजनेतील दिव्यांगत्व लाभासाठी शेवटच्या सहा वर्षांपैकी चार वर्षे वर्गणी भरलेली असावी लागते. २५ वर्षे किंवा त्याहून अधिक वर्गणी असल्यास तीन वर्षे पुरतात. हा लाभ कॅनडाबाहेर राहूनही मिळतो. शिवाय भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा करार १ ऑगस्ट २०१५ पासून अमलात आहे. ज्यांची वर्गणीची वर्षे अपुरी पडतात, त्यांनी या कराराचा उपयोग होतो का, हे अर्ज करतानाच विचारावे. भारताचा अशा प्रकारचा पहिला करार बेल्जियमशी १ सप्टेंबर २००९ रोजी अमलात आला. पुढे जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया आदी देशांशीही करार झाले. अमेरिकेशी मात्र भारताचा असा करार नाही.

ऑस्ट्रेलियात 'डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन'साठी साधारणतः दहा वर्षांचे वास्तव्य लागते. दिव्यांगत्व तेथील रहिवासी असताना आले असेल, तर ही अट शिथिल होते. अतिगंभीर दिव्यांगत्व वगळता बारा महिन्यांत एकूण २८ दिवसांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास हे निवृत्तिवेतन थांबते.

परतल्यावर भारतातील बाजू

भारतात परतल्याबरोबर येथील सर्व सवलती मिळू लागतात, हाही समज अपुरा आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०यू व ८०डीडी यांची वजावट केवळ भारतातील निवासी करदात्यासाठी होती: ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वासाठी ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्वासाठी १,२५,००० रुपये. ८०डीडीचा लाभ हिंदू अविभक्त कुटुंबासही होता. नव्या करप्रणालीत मात्र या वजावटी मिळत नाहीत. परदेशी नोकरीपूर्वी भारतात नोकरी झाली असेल, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधील दिव्यांगत्वाची तरतूद त्या सेवेत असतानाच्या कायम व पूर्ण असमर्थतेसाठी आहे. नोकरी सोडल्यानंतरच्या अपघातासाठी ती नाही.

आरोग्यविम्याची बाब सर्वांत तातडीची आहे. मेडिकेअर सामान्यतः अमेरिकेबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. भारतातील नव्या पॉलिसीत पूर्वीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणजे परतल्यानंतर पहिली तीन वर्षे खर्च स्वतःच्या गाठीतून करण्याची तयारी हवी. करासंबंधी आणखी एक बाब: अमेरिकी नागरिक नसलेल्या व भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या सोशल सिक्युरिटी रकमेतून तेथे सामान्यतः २५.५ टक्के कर कापला जातो. येणाऱ्या रकमेचा अंदाज करताना ही वजावट प्रथम धरावी.

फाईल कोणती असावी?

प्रत्येक परदेशस्थ सदस्याची एक वेगळी फाईल घरात असावी. तीत सामाजिक सुरक्षा क्रमांक, दरवर्षीचे वर्गणीचे विवरण, पगारपत्रके व करविवरणे, व्हिसा व वास्तव्याच्या तारखा, सर्व पासपोर्टांच्या प्रती आणि विम्याच्या पॉलिसी असाव्यात. आजार सुरू झाल्यास पहिल्या दिवसापासूनचे वैद्यकीय कागद जपावेत. अमेरिकेत काम थांबल्यानंतर दिव्यांगत्व विम्याचे संरक्षण सामान्यतः सुमारे पाच वर्षेच टिकते. असमर्थता त्या मुदतीच्या आत सुरू झाली, हे कागदानेच सिद्ध करावे लागते. भारतात परतून सातव्या वर्षी आजारी पडलेल्यास जुन्या क्रेडिटवर हा लाभ बहुधा मिळत नाही.

लाभ सुरू झाल्यावर परदेशातील लाभार्थ्याला अमेरिकी कार्यालयाकडून दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी प्रश्नावली येते. ती वेळेत भरून न पाठविल्यास रक्कम थांबते. पत्ता, विवाह, नोकरी किंवा नागरिकत्व यांत बदल झाल्यास तोही कळवावा लागतो.

हा लाभ मागण्यात संकोचाचे कारण नाही. वर्षानुवर्षे कमाईतून भरलेल्या वर्गणीचा तो परतावा आहे आणि पेढीचे येणे मागण्यात कोणी लाज मानीत नाही. मात्र येणे वसूल करण्यापूर्वी करारातील अटी वाचाव्या लागतात. म्हणून परतीचे तिकीट काढण्यापूर्वी संबंधित कार्यालयास लेखी पत्र पाठवून, भारतात राहिल्यास लाभ चालू राहील का, किती काळ व कोणत्या अटींवर, हे विचारावे. ते लेखी उत्तर फाईलला लागल्यावरच कुटुंबाने एकत्र बसून निर्णय घ्यावा.