जर्मन सैनिकी हवाई वाहतूक व गुप्तवार्ता-अभिलेख

जर्मन सैनिकी हवाई वाहतूक व गुप्तवार्ता-अभिलेख : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) जर्मन हवाई दलाने, म्हणजे लुफ्टवाफने, केलेल्या सैन्य व रसद वाहतुकीचा इतिहास दोस्त राष्ट्रांच्या गुप्तवार्ता विभागांनी मागे ठेवलेल्या कागदपत्रांवरून सिद्ध करण्याची संशोधनपद्धती. युद्धाच्या अखेरीस लुफ्टवाफची बहुतेक मूळ कागदपत्रे वरिष्ठांच्या आज्ञेने जाळून टाकण्यात आली. त्यामुळे अनेक वाहतूक पथकांच्या हालचालींचा एकमेव समकालीन पुरावा त्यांच्या शत्रूच्या दप्तरात उरला आहे.

पार्श्वभूमी : जर्मन हवाई वाहतुकीचा मुख्य आधार ‘युंकर्स ५२’ हे तीन एंजिनांचे, पन्हळी ड्युरॅल्युमिन पत्र्याचे विमान होते. ते सुमारे १८ सैनिक अथवा दोन टनांच्या आसपास माल वाहून नेई. १९३६ मध्ये जनरल फ्रँकोचे सैन्य मोरोक्कोतून स्पेनमध्ये आणण्यासाठी या विमानांचा उपयोग झाला. पुढे नॉर्वे व हॉलंड (१९४०) आणि क्रीट (१९४१) येथील मोहिमांत छत्रीधारी सैनिक उतरविण्याचे काम त्यांनी केले. प्रारंभी वाहतूक पथके ‘विशेष कार्यार्थ’ म्हणून उभारली जात व मोहीम संपताच पुष्कळदा विसर्जित होत. त्यांसाठी विमाने व अनुभवी शिक्षक वैमानिक-प्रशिक्षण शाळांतून काढून घेतले जात. १९४३ च्या मे महिन्यात या पथकांची पुनर्रचना होऊन त्यांना स्थायी वाहतूक दलांचे स्वरूप मिळाले. पथकांची नावे व रचना अशी वारंवार बदलत गेल्याने त्यांचा मागोवा घेणे अवघड झाले आहे.

अभिलेखांचे स्वरूप : या कागदपत्रांचे तीन प्रमुख वर्ग पडतात. (१) उकललेले संदेश : लुफ्टवाफचे बिनतारी संदेश ‘एनिग्मा’ यंत्राने गूढलिपीत रूपांतरित केले जात. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे ‘हट ६’ हा विभाग भूदल व हवाई दल यांच्या संदेशांची उकल करी, तर ‘हट ३’ हा विभाग त्यांचे भाषांतर व मूल्यमापन करून सारांश रणक्षेत्रातील सेनापतींकडे धाडी. लुफ्टवाफची ‘रेड’ या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी सर्वसाधारण किल्ली १९४० च्या मे अखेरपासून जवळजवळ अखंडपणे उकलली गेली. या माहितीस ‘अल्ट्रा’ असे नाव होते. (२) बिनतारी श्रवणाच्या नोंदी : विमान व तळ यांमधील साध्या संकेतांतील संभाषणे ‘वाय’ सेवेची केंद्रे टिपून घेत. (३) प्रत्यक्ष पुरावा : पाडलेल्या विमानांच्या तपासणीचे व युद्धकैद्यांच्या जबान्यांचे अहवाल. विमानाच्या निरनिराळ्या भागांवरील निर्मात्यांच्या पट्ट्या वाचून उत्पादनाचाही अंदाज बांधला जाई.

हे साहित्य मुख्यतः लंडनजवळील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ‘डेफे ३’ या मालिकेत रणक्षेत्राकडे दूरमुद्रकाने धाडलेले सारांश, ‘एचडब्ल्यू ५’ मध्ये उकललेल्या संदेशांवरील अहवाल, ‘एचडब्ल्यू १’ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांना दाखविलेले निवडक संदेश, तर ‘एअर ४०’ व ‘डब्ल्यूओ २०८’ यांत अनुक्रमे हवाई मंत्रालयाच्या व भूदलाच्या गुप्तवार्ता विभागांची कागदपत्रे आहेत. ‘अल्ट्रा’चे रहस्य १९७४ मध्ये विंटरबॉटम यांच्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले आणि १९७७ पासून सारांशांच्या प्रती अभ्यासकांना खुल्या होऊ लागल्या. त्यापूर्वी लिहिलेल्या युद्धेतिहासांत या साधनाचा उघड उल्लेख आढळत नाही, हे ते ग्रंथ वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

वाचनाची पद्धती : हवाई वाहतूक स्वभावतःच बोलकी असते. आपल्याच तोफांनी विमाने पाडू नयेत, उतरण्याच्या तळावर इंधन तयार असावे, दिशादर्शक प्रक्षेपक वेळेवर सुरू व्हावेत, यांसाठी आगाऊ सूचना द्याव्या लागतात. जेथे तारेचे जाळे नसते तेथे या सूचना बिनतारी यंत्रानेच जातात. म्हणून भूमध्य समुद्रावरील वाहतुकीची माहिती विपुल मिळते. उलट, जर्मनीच्या अंतर्भागात जेथे दूरध्वनी व तारायंत्र उपलब्ध होते, तेथील व्यवहारांविषयी हे अभिलेख पुष्कळदा मूक असतात. कागद नाही म्हणून घटना घडली नाही, असा निष्कर्ष काढणे येथे घातक ठरते.

विमानाच्या अंगावरील चार अक्षरचिन्हे हा दुसरा धागा होय. पहिली दोन चिन्हे दल दर्शवीत, तिसरे चिन्ह विशिष्ट विमान व चौथे उपपथक दर्शवी. उदा., ‘१झेड’ हे चिन्ह पहिल्या वाहतूक दलाचे होते. अवशेषांवरील अशी चिन्हे संदेशातील उल्लेखाशी ताडून पाहिली असता पथकाचे स्थान व दिनांक निश्चित करता येतात. सारांशांतील शब्दयोजनाही काटेकोरपणे वाचावी लागते. मूळ संदेशाचा काही भाग अस्पष्ट असल्यास ‘प्रबळ’, ‘मध्यम’ वा ‘अल्प’ सूचना असे विशेषण त्यास जोडले जाई. हट ३ मधील तज्ञांचे भाष्य मूळ मजकुरापासून वेगळे दाखविले जाई. ‘झेड’ या अक्षराच्या एक ते पाच आवृत्त्यांनी संदेशाची निकड कळे. ही निकड संदेश पाठविणाऱ्याच्या दृष्टीने होती. मजकुराच्या सत्यतेशी तिचा संबंध नव्हता.

काही उदाहरणे : क्रीटवरील हल्ल्याची (२० मे १९४१) योजना उकललेल्या संदेशांवरून ब्रिटिशांना आधीच कळली होती आणि तेथील सेनापती जनरल फ्रायबर्ग यांना तिचा सारांश मिळालाही होता. तरीही मालेमेचा विमानतळ गेला व त्यापाठोपाठ बेटही गेले. समुद्रमार्गे येणाऱ्या सैन्याविषयीचा मजकूर फ्रायबर्ग यांनी चुकीचा वाचला, असे काही अभ्यासकांचे मत आहे; तर ‘अल्ट्रा’चे गुपित फुटू नये म्हणून त्यांना सैन्याची फेररचना करता आली नाही, असा दुसरा पक्ष आहे. हा वाद मूळ सारांशांच्या शब्दांवरच चालतो. अचूक माहिती हाती असणे व तिचा योग्य उपयोग होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

१९४२ च्या वसंत ऋतूत डेम्यान्स्क येथे वेढलेल्या सुमारे एक लाख जर्मन सैनिकांना विमानांनी रसद पुरविली. या यशावर विसंबून नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राड येथील सहाव्या सेनेस विमानांनी पोसण्याचे आश्वासन गोरिंगने दिले. त्या आघाडीवरील हवाई सेनापती रिख्टहोफेन याने ते अशक्य असल्याचे बजावले होते. दररोज किमान ३०० टन रसदेची गरज होती. म्हणजे युंकर्स विमानांची सुमारे १५० उड्डाणे रोज सुखरूप उतरावयास हवी होती. प्रत्यक्षात दैनिक सरासरी यापेक्षा फारच कमी, सुमारे १०० टनांच्या आसपास राहिली. सुमारे ४९० विमाने नष्ट झाली. त्यांपैकी २६६ युंकर्स ५२ होती. त्याच सुमारास, ८ नोव्हेंबर १९४२ रोजी दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरल्यामुळे, वाहतूक विमानांचा मोठा ताफा ट्युनिशियाकडे वळवावा लागला होता. दोन्ही रणक्षेत्रांची कागदपत्रे एकत्र वाचली म्हणजेच ही ओढाताण स्पष्ट होते. स्टालिनग्राडविषयी मिल्ख याच्या विशेष पथकाची रोजनिशी टिकून राहिल्याने तुलनेस जर्मन साधनही उपलब्ध आहे.

ट्युनिशियातील सैन्यास सिसिलीहून होणारा हवाई पुरवठा तोडण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी ५ एप्रिल १९४३ पासून विशेष मोहीम उघडली. १८ एप्रिल रोजी परतीच्या वाटेवरील एका मोठ्या ताफ्यावर हल्ला झाला. पन्नासांहून अधिक वाहतूक विमाने पाडल्याचा दावा दोस्त वैमानिकांनी केला. जर्मन नोंदींनुसार २४ युंकर्स विमाने नष्ट झाली व आणखी सुमारे ३५ विमाने मोडक्या स्थितीत सिसिलीस पोहोचली. चारच दिवसांनी सहा एंजिनांच्या ‘मेसरश्मिट ३२३’ या महाकाय विमानांचा ताफा बव्हंशी नष्ट झाला.

मर्यादा : वरील उदाहरणातील तफावत या साधनांचे दोष दाखविते. आकाशातील धुमश्चक्रीत एकच विमान अनेकांनी पाडल्याचा दावा करणे स्वाभाविक असते. जर्मन पद्धतीत ६० टक्के वा अधिक हानी झालेले विमान पूर्णतः नष्ट मानले जाई, त्याहून कमी हानीचे दुरुस्तीच्या यादीत जाई. म्हणून आकडा उद्‌धृत करण्यापूर्वी तो कोणत्या व्याख्येने मोजला आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. संदेशातील वेळ जर्मन प्रमाणवेळेची की ग्रिनिचची, हेही ठरवावे लागते. अन्यथा एका दिवसाची घटना दुसऱ्या दिवशी मांडली जाते. युद्धकैद्यांच्या जबान्यांत ऐकीव माहिती व आत्मसमर्थन मिसळलेले असते. युद्धानंतर जर्मन सेनाधिकाऱ्यांनी अमेरिकन हवाई दलासाठी लिहिलेले वृत्तांत, उदा., वाहतूक दलप्रमुख मोर्त्सिक याचा ग्रंथ (१९६१), मौलिक असले, तरी त्यांनाही हीच कसोटी लावणे आवश्यक आहे.

यास्तव ब्रिटिश अभिलेख फ्रायबुर्ग येथील जर्मन सैनिकी अभिलेखागारात उरलेल्या हानिपत्रकांशी व वॉशिंग्टन येथील सूक्ष्मपटांशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे. एखाद्या विमानाचा अनुक्रमांक, चिन्ह व दिनांक तीन स्वतंत्र कागदांत जुळले, म्हणजे ते कोठे व केव्हा पडले हे निश्चित होते. त्यातील बेपत्ता सैनिकांचे काय झाले, या त्यांच्या कुटुंबीयांच्या प्रश्नालाही काही वेळा त्यातूनच उत्तर मिळते. शत्रूचा पराभव करण्यासाठी जमविलेली ही माहिती अशा रीतीने त्या शत्रूच्याच इतिहासाचे प्रमुख साधन ठरली आहे.