न्यूट्रलवर घाट उतरला की पेट्रोल वाचतं?

घाटाचा उतार लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची आणि नुसता ब्रेक सांभाळत खाली यायचं, तेवढंच पेट्रोल वाचतं. हा सल्ला भाड्याच्या गाडीचे चालक देतात, घरातली वडीलधारी मंडळी देतात, आणि गाडी शिकवणारेसुद्धा देतात. शिकवणाऱ्यांच्या तोंडून ऐकला की फार संताप येतो.

कार्ब्युरेटरच्या काळी यात थोडं तथ्य होतं. गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरायचं आणि हवेच्या ओढीने पेट्रोल आत येतच राहायचं. पण आपल्या मोटारींतून कार्ब्युरेटर 2000च्या आसपासच हद्दपार व्हायला लागला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, मग ती पेट्रोल असो वा डिझेल, गिअर पडलेला असताना तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय काढलात की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे इंधन लागतच नाही. न्यूट्रल टाकलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुन्हा सुरू होतं, लहान मोटारीत तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. विश्वास बसत नसेल तर मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या आणि उतारावर गिअर टाकून पाय काढा. वापर शून्य दिसेल. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी थोडी लांब जाते हे खरं, पण घाटात जिथे पावलोपावली ब्रेक मारावाच लागतो, तिथे त्याचा काय उपयोग?

पेट्रोलचं एक वेळ सोडा, ब्रेकचं काय होतं ते बघा. माणसांसकट 1200 किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला येताना साधारण 500 मीटर खाली उतरते. या उताराची ऊर्जा जवळजवळ 59 लाख ज्यूल होते. तेवढ्यात 17 लिटर पाण्याला उकळी येईल! हवा आणि टायर त्यातला थोडा भाग घेतात. गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार चार ब्रेकवर पडतो. पॅड आणि लायनर तापतात, जळका वास येतो, पकड सुटायला लागते.

त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा धरलेल्याचा 140पर्यंत खाली आलेला चालतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो.

काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला जोर देणाऱ्या सर्व्होची ओढ दोन-तीन दाबांतच संपते, ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. पुण्यात नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका ट्रकने उतारावर डझनावारी वाहनं चिरडली. चालकाने न्यूट्रलमध्ये इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आलं होतं. बोरघाटात न्यूट्रलवर गाडी चालवू नका म्हणून सांगणाऱ्या पाट्या आहेत, त्या उगाच नाहीत.

मग करायचं काय? ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार सुरू होण्याआधीच गिअर कमी करा, ब्रेक सतत दाबून ठेवू नका. थोडा ठामपणे दाबा, वेग कमी झाला की सोडा. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड वापरा. विजेवरच्या गाडीत तर न्यूट्रल टाकणं म्हणजे उतारावर बॅटरीत परत येणारी वीज सोडून देणं.

आता बाकीचे समज. उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवा म्हणतात. साफ चूक, कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि त्यामुळेच फुटतो. हवा किती भरायची हा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. नायट्रोजन भरल्याने टायर थंड राहतो असं नाही, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे. पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. आणि मागच्या सीटवर बेल्ट लागत नाही हा समज तर आता तरी सोडा: सप्टेंबर 2022मध्ये पालघरजवळच्या अपघातात दगावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्याच सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनीच सांगितलं होतं.