चाकांवरचे स्वयंपाकघर आणि सुरांचे नगर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी जाणारे आई-वडील आता आपल्या समाजात घरोघरी आढळतात. तेथे पोहोचल्यावर फिरण्याचे बेत आखले जातात आणि पहिल्याच बेतात एक जुनी अडचण उभी राहते. रात्रिभोजनाचा त्याग असलेली आजी बाहेरगावी जेवणार काय, कधी आणि कुठे? बहुतेक वेळा याचे उत्तर आजीच देऊन टाकते : “तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते.” घरातील मंडळी तिच्या शब्दाला मान देतात, प्रवास पारही पडतो, पण त्या प्रवासाच्या छायाचित्रांत आजी नसते.

या प्रश्नावर अलीकडे काही कुटुंबांनी एक मार्ग शोधला आहे. तो म्हणजे भाड्याने घेतलेले आरव्ही, अर्थात चाकांवरचे घर. त्यात झोपण्याची सोय, स्वच्छतागृह, शीतकपाट आणि मुख्य म्हणजे शेगडी असते. अटलांटा परिसरात राहणाऱ्या कुटुंबाला तीन रात्रींच्या अशा प्रवासासाठी टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल हे उत्तम ठिकाण आहे. अंतर सुमारे 250 मैल, म्हणजे 400 किलोमीटर. नगर संगीताचे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, अहिंसा मानणाऱ्याने मुद्दाम पाहावे असे.

वाहनाची निवड आणि हिशेब

आरव्हीचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘ए’ वर्गातील वाहन बसएवढे मोठे असते, ‘बी’ वर्गातील वाहन म्हणजे सुधारलेली व्हॅन, तर ‘सी’ वर्गातील वाहनात चालकाच्या डोक्यावर एक बिछाना असतो. तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी ‘सी’ वर्ग सोयीचा ठरतो. वरच्या बिछान्यावर शिडीने चढायचे असल्याने तो मुलांना द्यावा. ज्येष्ठांसाठी मागचा, जमिनीलगतचा बिछाना राखावा. वाहन घेण्यापूर्वी माणसे किती झोपू शकतात एवढेच न विचारता सुरक्षापट्टे किती आहेत तेही विचारावे. हे दोन आकडे नेहमी सारखे नसतात. घरासारखे दिसत असले तरी चालत्या वाहनात कोणीही उठून फिरू नये आणि शेगडी तर मुळीच पेटवू नये.

खर्चाचा विचार केवळ रात्रीच्या भाड्यावर करू नये. मैलांची मर्यादा, जनित्राच्या वापराचे तास, विमा आणि परत करतानाच्या स्वच्छतेचे शुल्क हे सर्व आधी लिहून घ्यावे. असे वाहन एका गॅलनमध्ये साधारणपणे आठ ते बारा मैल जाते. जाऊन-येऊन 500 मैलांना सुमारे 50 गॅलन इंधन लागते. साध्या मोटारीला त्याच्या निम्मेही लागत नाही. त्यामुळे हा प्रवास काटकसरीचा किंवा निसर्गाला हलका आहे, अशी समजूत करून घेऊ नये. नियम पाळणारे ज्येष्ठ सोबत असतील, तेव्हाच या वाहनाचे खरे प्रयोजन आहे.

टाकीने शिकवलेला संयम

आरव्हीत पाण्याच्या तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी व स्नानाच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. स्वच्छ पाण्याची टाकी बहुधा 30 ते 50 गॅलनची, म्हणजे एकशेपंधरा ते एकशेनव्वद लिटरांच्या आसपास असते. घरी नळ सोडून भांडी घासणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते की वाहणारे प्रत्येक तांब्याभर पाणी कुठेतरी मोजले जात आहे. भोगोपभोगाचे परिमाण हा शब्द पाठशाळेत ऐकलेल्या मुलांना त्याचा अर्थ येथे कोणी वेगळा सांगावा लागत नाही.

मुक्कामाच्या जागी पाणी, वीज आणि सांडपाण्याचा निचरा या तिन्ही जोडण्या मिळतील अशी जागा आधी राखून ठेवावी. पाणी गाळण्याचे दुहेरी वस्त्र घरूनच न्यावे. वीजजोडणी 30 अँपिअरची असेल, तर वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकाच वेळी चालवू नयेत.

शिधाही अटलांटातूनच घ्यावा. दक्षिणेकडील राज्यांत शाकाहाराची एक फसवी अडचण आहे. नॅशव्हिलमध्ये ‘मीट अँड थ्री’ नावाची खाणावळ प्रसिद्ध आहे. तेथे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या मिळतात. नुसत्या भाज्या मागण्याची सोय असते, परंतु घेवडा किंवा पालेभाजी पुष्कळदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासह शिजवलेली असते आणि मक्याच्या पावात अंडे असते. कंदमूळ तर दूरच, मूळ नियमच तेथे मोडतो. मुगाची खिचडी, भेंडी, दोडका, दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू एवढे बरोबर असले, की तीन दिवस निश्चिंतपणे जातात.

सूर्यास्ताचे वेळापत्रक

या प्रवासासाठी ऑक्टोबरचा मध्य चांगला. उन्हाळ्याचा ताप ओसरलेला असतो आणि डोंगरावरची पाने रंगू लागलेली असतात. त्या सुमारास नॅशव्हिलमध्ये सूर्यास्त संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास होतो. मात्र एका गोष्टीचे भान ठेवावे. जॉर्जिया राज्य पूर्व प्रमाणवेळेवर चालते, तर नॅशव्हिल मध्य प्रमाणवेळेवर. चॅटनुगा शहर मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर घड्याळ एक तास मागे जाते. घड्याळ मागे गेले म्हणून सूर्य थांबत नाही. म्हणून पहिल्या दिवशीचे जेवण भ्रमणध्वनीवरील बदललेली वेळ आणि नॅशव्हिलचा सूर्यास्त पाहूनच ठरवावे.

सकाळी आठला निघाले, तर विसाव्यासह स्थानिक वेळेनुसार दुपारी दोनच्या सुमारास मुक्कामी पोहोचता येते. आरव्हीने फिरणारे अनुभवी लोक दिवसाउजेडी, तीनच्या आत थांबण्याचा नियम पाळतात. वाहन मागे घेणे आणि नळ्या जोडणे ही कामे उजेडातच करावीत. रात्री उशिरा न पोहोचण्याचा हा व्यवहारी नियम आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा व्रतनियम येथे सहज जुळून येतात.

वाटेत मॉन्टईगल नावाचा घाट लागतो. जाताना चढ आणि परतताना दीर्घ, तीव्र उतार. परतीच्या वेळी ब्रेकवर पाय दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरावे. जाताना मात्र येथे थोडे थांबावे, कारण या प्रवासाचे पहिले सूर याच डोंगरावर आहेत. मॉन्टईगलजवळ 1932 साली हायलँडर लोकशाळा स्थापन झाली. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसणे जेथे कायद्याने निषिद्ध होते, त्या राज्यात ही शाळा दोघांना एकत्र शिकवीत असे. ‘वी शॅल ओव्हरकम’ हे गीत तंबाखू कामगारांच्या संपातून या शाळेत आले आणि येथून समतेच्या चळवळीत पसरले. भारतातील शाळांत ज्याचे हिंदी रूप आजही गायले जाते, ते हेच गीत.

सुरांचे नगर

शहराच्या मध्यभागी आरव्ही नेऊ नये. उभे करायला जागा मिळत नाही आणि वाहनाची उंचीही अडचणीची ठरते. ते मुक्कामी ठेवून भाड्याच्या मोटारीने जावे.

पहिला मान रायमन सभागृहाचा. 1892 मध्ये धर्मसभेसाठी बांधलेल्या या वास्तूत श्रोते अजूनही चर्चच्या लाकडी बाकांवर बसतात. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा 1925 पासून चालत आलेला नभोवाणी कार्यक्रम 1943 ते 1974 या काळात येथूनच होत असे. नवे ऑप्री हाउस उभारले गेले, तेव्हा रायमनच्या रंगमंचातील लाकडाचे सहा फुटांचे वर्तुळ कापून नव्या मंचात बसविण्यात आले. 2010 च्या महापुरात नवा मंच पाण्याखाली गेला, तरी ते वर्तुळ वाचले. आजचा गायक त्याच लाकडावर उभा राहून गातो. गुरूच्या गादीचा मान जाणणाऱ्या मराठी श्रोत्याला हे चटकन उमगेल.

ऑप्री हाउसच्या परिसरातच आरव्ही मुक्कामाच्या जागा आहेत. कार्यक्रम बहुधा सातला सुरू होतो. सहापर्यंत घरचे जेवण उरकून, चौविहार करून आजीलाही सर्वांबरोबर निघता येते. ब्रॉडवे रस्त्यावरील संगीतगृहे मात्र मद्यालयेच आहेत. तेथील वादन रस्त्यावरूनही ऐकू येते. सकाळी एक फेरी मारली तरी पुरे.

नागपूरहून आलेला धडा

तिसरा दिवस फिस्क विद्यापीठासाठी राखावा. 1871 च्या ऑक्टोबरमध्ये येथील नऊ विद्यार्थी कर्जात बुडालेली आपली शाळा वाचविण्यासाठी गात गात बाहेर पडले. त्यांतील बहुतेक जण जन्माने गुलाम होते. आई-वडिलांनी शेतात गायलेली भक्तिगीते त्यांनी अमेरिकेत आणि पुढे इंग्लंडच्या राणीसमोर गायिली. त्या पैशांतून उभे राहिलेले ज्युबिली हॉल 1876 पासून आजतागायत उभे आहे.

त्याच नगरात 1958 साली जेम्स लॉसन नावाचे तरुण धर्मोपदेशक आले. युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी कारावास भोगला होता. त्यानंतर 1953 ते 1956 ही वर्षे ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते आणि तेथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मॉन्टगोमेरीतील बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली, तीही नागपुरातील वर्तमानपत्रात. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दक्षिणेत येण्याचा आग्रह केला. नॅशव्हिलच्या एका चर्चच्या तळघरात लॉसन विद्यार्थ्यांना शिकवू लागले : शिवी आली तर उत्तर द्यायचे नाही, धक्का बसला तर हात उचलायचा नाही, मारणाऱ्याबद्दल मनातही द्वेष ठेवायचा नाही.

13 फेब्रुवारी 1960 रोजी हे विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांच्या बाकांवर शांतपणे जाऊन बसले. त्यांना मारहाण झाली, अटक झाली. कोणी हात उगारला नाही. लॉसन यांना त्यांच्या विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. पण 10 मे रोजी त्या उपाहारगृहांची दारे सर्वांना खुली झाली. सार्वजनिक ग्रंथालयातील नागरी हक्क दालनात हा इतिहास एका गोलाकार बैठकीभोवती मांडला आहे. जाण्यापूर्वी त्याची वेळ पाहून घ्यावी.

गांधीजींच्या अहिंसाविचारावर श्रीमद् राजचंद्रांचा किती प्रभाव होता, हे गांधीजींनी स्वतः लिहून ठेवले आहे. राजचंद्रांपासून गांधीजींपर्यंत, तेथून नागपूरमार्गे नॅशव्हिलपर्यंत अशी ही वाट जाते. नातवंडे ज्या देशात वाढत आहेत त्या देशाच्या इतिहासात आजीच्या धर्माचा धागा असा विणला गेला आहे, हे त्या दालनात उभे राहून आजीनेच त्यांना सांगावे.

चौथ्या दिवशी घड्याळ एक तास पुढे जाते, म्हणून लवकर निघावे. टाक्या रिकाम्या कराव्यात, शेगडीची गॅसटोपी बंद असल्याची खात्री करावी आणि णमोकार मंत्र म्हणून वाहन सुरू करावे. या प्रवासाच्या छायाचित्रांत आजी असेल. नियम एकही मोडलेला नसेल आणि घरी एकटे थांबण्याची वेळ कोणावर आलेली नसेल.